शिक्षा खेळाडूला, बाजार मोकळा

उत्तेजकांच्या चाचणीत एखादा खेळाडू सापडला की आपल्याकडे ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, याने देशाला मान खाली घालायला लावली. दुसरी, बिचाऱ्याला कुणीतरी अडकवले. दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांचा प्रश्न एकच असतो. हा लबाड आहे की निष्पाप? ते एकदा ठरले की विषय मिटतो, आणि पुढचा खेळाडू सापडेपर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही.

ही समजूत उथळ आहे. उत्तेजकांचा प्रश्न चारित्र्याचा आहेच, पण भारतात, आणि महाराष्ट्रात तर ठळकपणे, तो त्याआधी रोजगाराचा आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. शरीराने काढलेल्या काही सेकंदांवर सरकारी नोकरी ठरते. ते सेकंद विकत देणारा बाजार गावोगाव उघडा आहे. त्या बाजारातला विक्रेता, टोचणारा आणि टोचून घ्यायला सांगणारा सहसा सुटतो. साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीला चार वर्षे बाहेर बसवले की कारवाई झाली असे आपण मानतो.

1. आकडे आणि त्यांच्याबाहेरचे

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे 'वाडा' दरवर्षी चाचण्यांचा अहवाल काढते. 2022 मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने म्हणजे 'नाडा'ने 3865 नमुने तपासले, त्यांतले 125 सदोष निघाले. म्हणजे 3.2 टक्के. 2023 मध्ये नमुने 5606 झाले आणि प्रमाण 3.8 टक्क्यांवर गेले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षी चीनने अठ्ठावीस हजारांहून अधिक नमुने तपासले आणि तिथले प्रमाण होते सुमारे 0.2 टक्के.

'आपण जास्त तपासतो म्हणून जास्त सापडतात' हे उत्तर या आकड्यांपुढे टिकत नाही. पण खरी अडचण आकड्यांच्या बाहेर आहे. चाचणी होते ती प्रामुख्याने राष्ट्रीय शिबिरात आणि मोठ्या स्पर्धांत. त्याखालचा सगळा थर तिच्या नजरेबाहेर राहतो. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी येणार हे कळताच खेळाडू मैदानातून निघून गेले आणि पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच धावपटू धावला. जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडलेल्या होत्या. ही स्पर्धा ऑलिम्पिकची नव्हती, राष्ट्रीयही नव्हती. तिथे इतकी पोरे सुई का टोचून घेत होती, याचे उत्तर पदकाच्या हव्यासात सापडत नाही.

2. वीस सेकंदांची किंमत

उत्तर शोधायला विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला जावे. नागपुरात मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल असो, रविनगरचे विद्यापीठाचे मैदान असो, की काटोल-सावनेरकडचा रिकामा डांबरी रस्ता, भरतीचे पोट्टे तिथे धावत असतात. ऑलिम्पिकशी यांतल्या बहुतेकांना देणेघेणे नाही. त्यांना पोलीस शिपाई व्हायचे आहे.

राज्यातल्या शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची. मैदानीत पुरुषांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15 गुण. महिलांना 1600 च्या जागी 800 मीटर. पुरुषाने 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत किंवा त्याआधी पूर्ण केले तर 20 पैकी 20. 5 मिनिटे 30 सेकंदांच्या आत आला तर 18. वीस सेकंद म्हणजे दोन गुण, आणि कटऑफच्या आसपास एकेका गुणावर उमेदवारांची रांग उभी असते. 'ग्राउंडला किती पडले?' हा भरतीच्या पोरांमधला पहिला प्रश्न असतो तो उगाच नव्हे.

दोन गुणांचे मोल नागपूरकरांना उमेश यादवच्या गोष्टीतून ठाऊक आहे. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा पोलीस शिपाई व्हायला निघाला होता आणि अवघ्या दोन गुणांनी मागे राहिला. पुढे 2011 मध्ये तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. त्याच्यापुढे क्रिकेटचा दुसरा दरवाजा उघडला. उरलेल्या हजारोंपुढे दुसरा दरवाजा नसतो. वयोमर्यादा संपत आलेली असते, घरच्यांनी भरतीची तयारी करून घेणाऱ्या ॲकॅडमीची फी भरायला उसनवारी केलेली असते.

खेळाडूंच्या बाबतीत हेच गणित वेगळ्या रूपात येते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, लष्कर यांची क्रीडाभरती वेगळी. हे आरक्षण योग्यच आहे, कारण त्याशिवाय खेड्यातली मुलगी भालाफेक करायला मैदानावर आलीच नसती. पण त्यामुळे राज्य स्पर्धेतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या प्रमाणपत्राला आयुष्यभराच्या पगाराची किंमत आली. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणाने राज्य हादरले, त्याचा एक धागा मानकापूर पोलीस ठाण्यात दाखल झालेल्या गुन्ह्यापर्यंत आला. लोक ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची खोटी कागदपत्रे करत होते, कारण त्या कागदामागे नोकरी होती. जिथे नोकरीसाठी कागद खोटा केला जातो, तिथे रक्तातही काहीतरी मिसळले जाणार, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

3. त्या कुपीत काय असते

दहा मिलीची काचेची कुपी, रबरी बूच, वर ॲल्युमिनियमची टोपी. आत मेफेंटरमाइन सल्फेट. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीच्या कण्यात भूल दिली की कधीकधी रुग्णाचा रक्तदाब झपाट्याने खाली येतो. तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध देतात. देताना रुग्ण मॉनिटरला जोडलेला असतो, नाडीचा प्रत्येक ठोका पडद्यावर दिसत असतो आणि काही बिघडलेच तर हाताशी सगळी साधने असतात. हीच कुपी जिमच्या लॉकर रूममध्ये आणि मैदानाच्या कुंपणाआड पोचते. कायद्याने ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरी पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने तिचे बेकायदा साठे पकडले आहेत. पोलीस भरतीच्या मैदानावर उमेदवारांकडे उत्तेजक इंजेक्शने सापडल्याच्या बातम्याही आल्या आहेत.

औषध टोचले की हृदय जोरात धावू लागते, दम लागल्याची जाणीव बोथट होते. दमणे ही शरीराने दिलेली सूचना असते. ती ऐकूच आली नाही तर पळणारा थांबत नाही. 13 जुलै 1967 रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या उघड्या डोंगरावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळून मरण पावला. कडक ऊन होते आणि त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन सापडले. मेफेंटरमाइन त्याच कुळातले आहे. नागपूरच्या पाऱ्याला 45 अंश नवे नाहीत, आणि 2024 ची पोलीस भरती सुरू झाली ती 19 जूनला. उत्तेजकाने शरीराचे तापमान वाढते, थकवा लपतो, भरीला विदर्भाचा उन्हाळा आणि उपाशीपोटी रांगेत काढलेली पहाट. हे मिश्रण किती घातक आहे ते कुठल्याही फिजिशियनला विचारावे.

सवय लागली की डोस वाढतो. छातीत धडधड, झोप उडणे, संशयाने पछाडणे, हे पुढचे टप्पे. एका कुपीतून तिघे-चौघे एकाच सुईने घेत असतील तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

स्टिरॉइडची गोष्ट संथ आहे, म्हणून अधिक फसवी. मेथॅन्डायेनोन, स्टॅनोझोलोल, ऑक्सॅन्ड्रोलोन ही टेस्टोस्टेरॉनची कृत्रिम भावंडे. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदू वृषणांना काम थांबवण्याचा निरोप देतो. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात. 'सायकल', म्हणजे काही आठवड्यांचा डोस, संपवून मुलगा औषध सोडतो तेव्हा शरीराचे स्वतःचे उत्पादन बंद असते, ते परत सुरू व्हायला कित्येक महिने लागू शकतात. त्या काळात येते ते नैराश्य, गळून गेलेले स्नायू आणि पुन्हा सुई उचलण्याची ओढ. चांगले कोलेस्टेरॉल घसरते, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, यकृतावर ताण येतो. वाढीच्या वयात घेतले तर हाडांची टोके लवकर जुळतात आणि उंची कायमची खुंटते. मुलींचा आवाज घोगरा होतो आणि औषध सोडल्यावरही बहुधा पूर्ववत होत नाही.

डेन्मार्कमध्ये जिममधल्या चाचणीत स्टिरॉइडसाठी सापडलेल्या 545 पुरुषांचा पुढे पाठपुरावा झाला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचे मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या तिप्पट निघाले. आपल्याकडे तिशीतला तगडा तरुण अचानक गेला तर दाखल्यावर हृदयविकार एवढेच लिहिले जाते. दहा वर्षांपूर्वी त्याने काय टोचून घेतले होते, हे विचारायची पद्धत नाही. म्हणून या नुकसानाचा हिशेब कुठल्याच खात्यात लागत नाही.

4. नरसिंगच्या प्रकरणात न विचारलेला प्रश्न

महाराष्ट्राने उत्तेजकांवर सर्वाधिक चर्चा केली ती 2016 मध्ये. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव याने 2015 च्या लास वेगास जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून 74 किलो गटात भारताला ऑलिम्पिकची जागा मिळवून दिली. त्या जागेवर मल्ल सुशील कुमारने दावा सांगितला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जूनमध्ये निकाल नरसिंगच्या बाजूने लागला. त्यानंतर 25 जून आणि 5 जुलैला घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत मेथॅन्डायेनोन सापडले. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात ते मिसळले गेले, असे त्याचे म्हणणे. 1 ऑगस्टला नाडाच्या समितीने ते मान्य केले. वाडा क्रीडा लवादाकडे गेली. 18 ऑगस्टला, रिओत त्याची कुस्ती दुसऱ्या दिवशी असताना, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. पहिल्या नमुन्यातले प्रमाण पेयात पूड मिसळल्याने येण्याजोगे नसून गोळी घेतल्यासारखे आहे, हे तज्ज्ञाचे मत लवादाने ग्राह्य धरले.

महाराष्ट्र दोन तटांत विभागला. घातपात की अपराध यावर रकानेच्या रकाने छापून आले. नरसिंगच्या खोलीत राहणारा मल्लही त्याच द्रव्यासाठी सदोष ठरला होता. घातपात खरा मानला काय किंवा खोटा, दोन्ही बाजूंनी एक गोष्ट तशीच उरते. केंद्र सरकारच्या निवासी शिबिरात, पहाऱ्याच्या आत, मेथॅन्डायेनोन उपलब्ध होते. ते कुठून आले, कुणी विकले, आणखी कुणाकडे होते? गर्दीने हे विचारले नाही, कारण तिला एका मल्लाचे चारित्र्य तोलायचे होते.

2011 च्या रिले प्रकरणात हा असमतोल आणखी उघडा पडला. दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 4 बाय 400 मीटरचे सुवर्ण जिंकणाऱ्या चमूतल्या धावपटू स्टिरॉइडसाठी सापडल्या. प्रशिक्षक युरी ओगोरोद्निक यांनी चीनमधून आणलेल्या जिनसेंगकडे बोट दाखवले. त्यांची नोकरी गेली. मुलींची ऐन उमेदीची दोन वर्षे गेली, आणि नावापुढचा डाग अजून पुसलेला नाही.

उलट उदाहरण जर्मनीचे. पूर्व जर्मनीने हजारो खेळाडूंना, त्यांत कोवळ्या मुली, जीवनसत्त्वे म्हणून ओरल-ट्युरिनाबोलच्या निळ्या गोळ्या दिल्या. देश एक झाल्यावर, 2000 साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथले क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवले. शिक्षा सौम्य होती, स्थगितही झाली. पण आरोपाचे स्वरूप लक्षात घ्यावे. शारीरिक इजेला साहाय्य केल्याचा तो आरोप होता. ज्यांच्या रक्तात औषध सापडले असते त्याच मुली त्या खटल्यात पीडित म्हणून उभ्या होत्या.

5. क्रिकेटचे वेगळे अंगण

जुलै 2019 मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली. फेब्रुवारीत इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले होते. खोकल्याचे औषध घेतले, असा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला. मंडळाच्या त्याच पत्रकात विदर्भाच्या एका क्रिकेटपटूचेही नाव होते. पुढच्याच महिन्यात, 9 ऑगस्टला, वर्षानुवर्षे विरोध करणाऱ्या क्रिकेट मंडळाने नाडाची कक्षा मान्य केली.

पदार्पणात कसोटी शतक ठोकलेला, फिजिओ आणि डॉक्टर दिमतीला असलेला खेळाडू दुकानातून खोकल्याचे औषध आणून अडकत असेल, तर गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या धावपटूने कुठले सिरप चालते हे कुठून जाणून घ्यायचे? नाडाचे औषध तपासण्याचे ॲप आहे. पण त्यात औषधाचे घटक शोधता येण्याआधी कुणीतरी त्या मुलीला असे ॲप असते हे सांगावे लागते. नमुना देण्याची वेळ आली की तिला अनोळखी अधिकाऱ्याच्या नजरेसमोर किमान 90 मिली मूत्र द्यायचे असते, दोन बाटल्यांत वाटून सील करायचे असते आणि गेल्या काही दिवसांत घेतलेली औषधे फॉर्मवर लिहायची असतात. हे तिने तोवर कधी ऐकलेलेही नसते.

6. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: गरिबीतून येऊन स्वच्छ राहणारे असंख्य आहेत, मग परिस्थितीची ढाल कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बंदी उठवावी असे इथे कुणी म्हणत नाही. शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूची, हे तत्त्व सोडले तर चाचणीला अर्थच राहणार नाही. पण त्या स्वच्छ मुलाकडेच पाहा. त्याचे दोन गुण दरवर्षी कुपी विकणारा लुटतो. एका वापरणाऱ्याला पकडल्याने त्याचा न्याय पूर्ण होत नाही, कारण पुढच्या भरतीत त्याच्या शेजारी नवा वापरणारा उभा असतो.

दुसरा: मग उघड परवानगीच द्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेऊ द्या. याच विचारावर उभ्या राहिलेल्या 'एनहान्स्ड गेम्स'साठी मे 2026 चा मुहूर्त आणि लास वेगास हे ठिकाण जाहीर झाले. तिथल्या तारांकित जलतरणपटूला डॉक्टर मिळेल. उमरेडच्या मुलाला मिळेल ती तीच कुपी आणि तीच सुई. शिवाय परवानगी फार काळ परवानगी राहत नाही. सगळे घेऊ लागले की न घेणारा स्पर्धेतून बाद होतो. ज्याला शरीर वाचवायचे आहे त्याच्यावर ही सक्ती ठरते. पूर्व जर्मनीच्या मुलींवर ती सरकारने केली, इथे बाजार करेल.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा असतो: चाचण्या वाढवल्या की सगळे सुटेल. चाचण्या वाढायलाच हव्यात, त्यातही जिल्हा आणि शालेय पातळीवर. पण पोलीस भरती ही क्रीडास्पर्धा नाही, ती नाडाच्या कक्षेत बसत नाही. आणि चाचणी मागणी पकडते, पुरवठा नव्हे. वाडाच्या संहितेत औषध पुरवणाऱ्या किंवा देणाऱ्या प्रशिक्षकावर चार वर्षांपासून आजन्म बंदीची तरतूद आहे. अल्पवयीन खेळाडू सापडला, किंवा एकाच प्रशिक्षकाचे एकाहून अधिक खेळाडू सापडले, तर त्या प्रशिक्षकाची चौकशी करणे संस्थांवर बंधनकारकच आहे. 2022 च्या राष्ट्रीय कायद्याने नाडाला वैधानिक अधिकारही दिले. नियम पुरेसे आहेत. सदोष नमुन्यापासून मागे ॲकॅडमीपर्यंत, तिथून औषध दुकानापर्यंत माग काढण्याची चिकाटी कमी पडते.

7. राज्याच्या हातात काय आहे

अन्न व औषध प्रशासनाला मेफेंटरमाइनचा माग काढणे अवघड नाही. हे औषध रुग्णालयांना लागते, गल्लीतल्या दुकानाला नाही. प्रत्येक बॅच कारखान्यातून कुठल्या ठोक विक्रेत्याकडे आणि तिथून कुठल्या रुग्णालयात गेली, याची नोंद सक्तीने तपासली तर गळती कुठे आहे ते कळेल. भरती ॲकॅडम्या आज कुणाच्याच देखरेखीखाली नाहीत. त्यांची नोंदणी आणि अचानक तपासणी क्रीडा विभागाला करता येईल. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात महिन्यातून एक दिवस डॉक्टर बसवला तर औषधांबद्दलचे निम्मे अज्ञान तिथेच संपेल. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी, 1914 पासून शरीर घडवण्याचे शिक्षण देणारी संस्था विदर्भातच आहे. प्रशिक्षकांना हा विषय शिकवायला परक्या मुलखात जायची गरज नाही.

सर्वांत मोठा बदल मात्र गृह खात्याच्या एका दुरुस्तीने होऊ शकतो. मैदानी चाचणी गुणवत्ता यादीतून काढून केवळ पात्रतेची करावी. शिपायाला जितका दमसास लागतो तितकी मर्यादा ठरवावी, हवी तर आजच्यापेक्षा कडक ठेवावी. ती पार केली की सगळे समान, पुढची निवड लेखी परीक्षेवर. मर्यादेच्या काठावरच्या काहींना मोह उरेलच, पण तयारीचा मुलगा ती सरावाने पार करेल. 5 मिनिटे 25 सेकंदांवरून 5 मिनिटे 10 वर यायला लागणाऱ्या कुपीला मग गिऱ्हाईक उरणार नाही. हे नियम अपरिवर्तनीय नाहीत. जून 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत 5 किलोमीटर धावताना उमेदवार दगावले, तेव्हा सरकारने अंतर कमी केले, आणि आज ते 1600 मीटरवर आले आहे. त्या वेळी मृत्यू मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाले होते. स्टिरॉइडने आणि कुपीने होणारे नुकसान दहा वर्षांनी, घरात किंवा सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर होते. गृह खात्याने पुढच्या भरतीची जाहिरात काढण्याआधी ते मोजून घ्यावे.